‘नाव-पत्ता नसलेली पत्रं विचारात घेतली जाणार नाहीत’ याबद्दल

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत डार्क वेबवर, म्हणजे साध्या ब्राउझरने न उघडणाऱ्या लपलेल्या वेबसाइटींवर, पानभर लेख आला. काळ्या हुडीतला बिनचेहऱ्याचा माणूस, मागे हिरवे आकडे खाली पडतायत, आणि मजकूर काय तर टॉर नावाचं सॉफ्टवेअर म्हणजे गुन्हेगारांचा अड्डा, ज्याच्या मोबाईलमध्ये सापडेल त्याच्यावर लक्ष ठेवा वगैरे. चहा गार होईस्तोवर वाचला. मग पान उलटलं तर मागच्या बाजूला वाचकांच्या पत्रांचं सदर आणि त्याखाली तुमची ती नेहमीची चौकट, पत्रासोबत पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल नंबर नसेल तर विचार होणार नाही. एकाच कागदाच्या दोन बाजूंना हे छापलंय हे तुमच्या ध्यानात आलं नसेल, माझ्या आलं, म्हणून लिहायला बसलो. लांबलंय, हवी तिथे कात्री लावा पण पुराची गोष्ट तेवढी काढू नका.

माझा सांगली जिल्ह्यात छोटासा ब्रॉडबँडचा धंदा आहे. आधी केबल टीव्ही होता, डिश आल्यावर तो बसला, मग फायबर ओढली. आता नऊशेच्या आसपास कनेक्शन आहेत, म्हणजे गावातल्या नऊशे घरांचं इंटरनेट माझ्या दुकानातल्या एका रॅकमधून जातं आणि कुठल्या गिऱ्हाइकाला कुठल्या वेळी कुठला आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा नंबर, दिला होता याची नोंद, म्हणजे लॉग, मला दोन वर्षं जपून ठेवावा लागतो, तसा नियमच आहे. तेव्हा या विषयात मला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे मी बघून सांगतोय, ऐकून नाही.

मध्यंतरी एका शाळेला बॉम्बची धमकी देणारा ईमेल आला होता, काही निघालं नाही, पण दोन दिवसांनी एक हवालदार दुकानात आले. चांगला माणूस, आमच्याच लाइनवर त्यांच्या घरचं कनेक्शन. म्हणाले, मालक, तुमच्याकडे टॉर वापरणारे कोण कोण आहेत त्यांची यादी द्या. म्हटलं साहेब, अमुक वेळेला अमुक आयपी कोणाकडे होता असं लेखी विचारा, लगेच काढून देतो, पण सरसकट यादी कशी देऊ? म्हणाले वरून तोंडी आलंय. मग चहा मागवला आणि विचारलं की टॉर म्हणजे काय माहितीये का, तर म्हणाले ते डार्क वेब का काय ते.

त्यांना जसं सांगितलं तसंच इथे सांगतो, कारण तुमच्या लेखकाला पण बहुतेक कोणी सांगितलेलं नाही. टेंडर भरताना आपण पाकिटात पाकीट घालतो ना, तसं समजा. तुम्ही एक चिठ्ठी लिहिलीत, ती एका पाकिटात, ते दुसऱ्या पाकिटात, ते तिसऱ्यात. सगळ्यात बाहेरच्या पाकिटावर पहिल्या माणसाचा पत्ता. तो त्याचं पाकीट फोडतो, आत दुसऱ्याचा पत्ता दिसतो, तो पुढे देतो. दुसरा फोडतो, तिसऱ्याला देतो. तिसरा फोडतो आणि चिठ्ठी जिथे जायची तिथे पोचवतो. प्रत्येक पाकिटाची किल्ली वेगळी, एकाला दुसऱ्याचं उघडता येत नाही. पहिल्याला कळतं की पाठवणारा कोण पण कुठे चाललंय ते कळत नाही, तिसऱ्याला कळतं कुठे चाललंय पण कोणाचं ते कळत नाही, मधल्याला दोन्ही नाही. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसं, म्हणून त्याला ओनियन राउटिंग म्हणतात आणि टॉर नाव त्यातूनच आलं. हे मधले तिघे म्हणजे जगभर लोकांनी स्वखुशीने चालवलेले सर्व्हर, काही हजार आहेत, जर्मनी, हॉलंड, अमेरिकेत जास्त, आणि दर दहा मिनिटांनी वगैरे नव्या कामाला नवा रस्ता धरला जातो. त्यामुळे टॉरवरून आपलं एखादं मराठी पोर्टल उघडलं तर कधी कधी वरची जाहिरात जर्मनमध्ये येते, कारण त्या पोर्टलला वाटतं वाचक फ्रँकफर्टला बसलाय. आणि स्लो चालतं हो, तीन ठिकाणी थांबत जाणारी एसटी आहे ती, व्हिडिओ बघायला कोणी वापरू नये.

मला माझ्या रॅकवरून काय दिसतं? एवढंच की अमक्या घराची लाइन पहिल्या माणसाशी बोलतेय. त्या सर्व्हरांची यादी उघड असते, दर तासाला नवी निघते, त्यामुळे हा टॉर वापरतोय हे मला सहसा कळतं. पुढचं काही कळत नाही. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे टेंडरसारखंच की, शेवटचं पाकीट कुणी आधी वाचलं की सगळं बोंबललं! हे वाक्य तुमच्या अख्ख्या लेखापेक्षा शहाणं होतं. कारण तसं खरंच झालेलं आहे, आणि आपल्याच देशाचं झालंय. २००७ मध्ये डॅन एगरस्टाड नावाच्या स्वीडनच्या माणसाने स्वतः असे पाच शेवटचे सर्व्हर चालवले आणि त्यातून जे उघडं जात होतं ते नुसतं बघत बसला. त्याने शंभर ईमेल खात्यांचे पासवर्ड जाहीर केले, त्यात वेगवेगळ्या देशांच्या वकिलाती होत्या, भारताच्या पण होत्या आणि आपल्या डीआरडीओची खाती पण. टॉर फुटलेलं नव्हतं. टॉर नाव-गाव लपवतं, मजकूर झाकायचं काम त्याच्या टोकाला वेबसाइटने करायचं असतं, कुलपाचं चिन्ह असलेलं कनेक्शन पाहिजे, आणि ही खाती उघड्यावर वापरली जात होती. वरचं पाकीट भक्कम, आत पोस्टकार्ड.

तुमच्या लेखात लिहिलंय हे हॅकर मंडळींनी बनवलं. नाही हो, अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत सुरू झालं, १९९० च्या दशकात, पॉल सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग या तिघांनी. पुढे सायव्हरसनबरोबर रॉजर डिंगलडाईन आणि निक मॅथ्यूसन आले, २००२ मध्ये पहिलं टॉर चालू झालं, नंतर त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला आणि २००६ पासून टॉर प्रोजेक्ट नावाची ना-नफा संस्था ते सांभाळते. तिला बरीच वर्षं मोठा पैसा अमेरिकी सरकारकडूनच येत होता. मग नौदलाने आपलं हत्यार जगाला फुकट का वाटलं? साधं आहे. फक्त नौदलाचेच लोक ते वापरत असते तर बाहेर पडणारं प्रत्येक पाकीट नौदलाचं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. वारीत हरवायचं तर वारी पाहिजे, चार जणांच्या दिंडीत कोण हरवणार? म्हणून पत्रकार, पोलीस, नवऱ्याच्या मारहाणीतून सुटू बघणारी बाई, कॉलेजची पोरं आणि हो, चोर पण, सगळे एकाच गर्दीत.

चोर आहेत हे मी नाकारत नाही. लहान मुलांच्या बाबतीतलं घाणेरडं काय काय तिथे चालतं हे खरं आहे आणि त्यासाठी पोलिसांनी वाट्टेल तेवढी मेहनत घ्यावी. पण ते पकडले जातात आणि कसे पकडले जातात ते तुमच्या लेखकाने लिहायला पाहिजे होतं. सिल्क रोड नावाचा ड्रग्जचा बाजार चालवणारा रॉस उल्ब्रिक्ट २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात पकडला. का, तर सुरुवातीच्या दिवसांत त्याने स्वतःच्या नावाचा जीमेल पत्ता एका ठिकाणी टाकून ठेवला होता. त्यानंतरचा अल्फाबे म्हणून बाजार, त्याच्या मालकाचा हॉटमेलचा पत्ता नव्या गिऱ्हाइकांना जाणाऱ्या वेलकम ईमेलमध्ये गेला होता. २०१७ मध्ये डच पोलिसांनी हान्सा नावाचा बाजार ताब्यात घेऊन जवळजवळ महिनाभर गुपचूप स्वतः चालवला आणि गिऱ्हाइकं टिपली. म्हणजे दुकानच पोलिसांचं!

आणि बॉम्बच्या धमकीचा विषय निघालाच आहे तर, डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा चुकवायला टॉरवरून धमकीचे ईमेल पाठवले होते. दोन दिवसांत सापडला. त्याने युनिव्हर्सिटीचंच वायफाय वापरलं आणि त्या सकाळी त्या नेटवर्कवर टॉर वापरणारी माणसं थोडीच होती, तपासवाल्यांनी जाऊन विचारलं, त्याने कबूल केलं. वारी नव्हती ना. ही गोष्ट हवालदारांना सांगितली तेव्हा ते म्हणाले मग आम्ही पण यादीच मागतोय की! बरोबर आहे, मुद्द्याला धरून होतं. फरक एवढाच की तिथे एका ठराविक सकाळचे ठराविक तास शोधले, इथे तोंडी सांगून सगळ्यांचीच नावं मागितली. नंतर त्यांनी ठराविक वेळेचं लेखी पत्र आणलं, मी लॉग बघितला, त्या वेळात आमच्याकडे टॉर कोणीच वापरत नव्हतं. विषय संपला.

अजून एक. लेखात व्हीपीएन आणि टॉर एकाच तव्यावर भाजलेत. व्हीपीएन म्हणजे एकच पोस्टमन, त्याला तुम्ही पण माहीत आणि पत्ता पण माहीत, तो इमानदार निघाला तर तुमचं नशीब. २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने या कंपन्यांना गिऱ्हाइकांची नावं-पत्ते पाच वर्षं ठेवायला सांगितले, तेव्हा बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच गुंडाळले. त्याच वर्षी सरकारी कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या कामात टॉर वापरू नका असंही सांगण्यात आलं, ठीक आहे, मालकाने नोकराला घातलेला नियम. पण तुम्ही-आम्ही टॉर वापरायला भारतात बंदी नाही. लेख वाचून माझ्या तीन गिऱ्हाइकांचे फोन आले, पोराच्या मोबाईलमध्ये ते कांद्याचं चिन्ह आहे, पोलिसात जाऊ का म्हणून. एका माउलीला समजावताना तोंडाला फेस आला.

कोण वापरतं हे? फेसबुकने २०१४ मध्ये टॉरवर स्वतःचा वेगळा पत्ता काढला आणि २०१६ मध्ये सांगितलं की महिन्याला दहा लाखांवर माणसं तिथून येतात. न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ मध्ये काढला, बीबीसीने २०१९ मध्ये. रशियाने डिसेंबर २०२१ मध्ये टॉरची वेबसाइट बंद केली. इराणमध्ये २०२२ मध्ये हिजाबवरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर लोक रस्त्यावर आले, सरकारने नेट आवळलं, तेव्हा स्नोफ्लेक नावाच्या युक्तीने लोक त्या आवळलेल्या नेटमधून बाहेर पडत होते. ही युक्ती भारी आहे. तुमच्या-माझ्यासारख्याने ब्राउझरमध्ये एक एक्स्टेंशन टाकायचं, बस. तिकडच्या माणसाचं पाकीट तुमच्या कॉम्प्युटरमधून टॉरच्या पहिल्या माणसापर्यंत जातं आणि तिकडच्या सरकारला वाटतं हा कुणाशी तरी व्हिडिओ कॉलवर आहे. माझ्या दुकानातल्या बिलिंगच्या पीसीवर ते आहे, शेवटचा सर्व्हर आपण होत नाही त्यामुळे डोक्याला ताप नाही. चिन्हावर क्लिक केलं की गेल्या चोवीस तासांत किती जणांना मदत झाली तो आकडा येतो. आज सकाळी अकरा होता. कोण अकरा, कुठले, काही कळत नाही, पण रिचार्जचा हिशोब करताना मधेच तो आकडा बघायला बरं वाटतं.

आता पुराची गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर इकडच्या कुणाला सांगायला नको. पाणी उतरलं, पंचनामे झाले, मदतीच्या याद्या लागल्या. आमच्या भागातल्या यादीत दोन-तीन नावं अशी होती ज्यांच्या घराच्या पायरीलाही पाणी लागलेलं नव्हतं, मी स्वतः त्या गल्लीत नंतर केबल बदलत फिरलोय, भिंतीवर पाण्याची रेघ कुठपर्यंत आहे ते मला पाठ होतं. आणि ज्या विधवा बाईचं घर छातीपर्यंत बुडालं होतं तिचं नाव नव्हतं. मी एका कचेरीत जाऊन लेखी दिलं, फोटो जोडले. नाव गुप्त ठेवा म्हणून सांगितलं, समोरचा म्हणाला निर्धास्त राहा. दुपारी साडेतीनला दिलं. संध्याकाळी सातला मला फोन, काय मालक, फोटो छान काढता तुम्ही. एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. पुढच्या महिन्याभरात माझी मेन फायबर तीन वेळा तुटली, तिन्ही वेळा रात्री, तिन्ही वेळा सफाईने कापलेली. उंदराने कुरतडलेली फायबर आणि कटरने कापलेली फायबर यातला फरक मला वीस वर्षांच्या धंद्यात कळतो. कुणी कापली मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. बाईंचं नाव पुढे यादीत लागलं, पण मी त्यानंतर आजतागायत कुठल्याही कचेरीत लेखी काही दिलेलं नाही.

माझं तर काय, दोन-तीन किलोमीटर केबल गेली. सत्येंद्र दुबे आठवतात का? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात इंजिनीअर, सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातले घोटाळे त्यांनी २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवले आणि माझं नाव गुप्त ठेवा असं स्पष्ट लिहिलं. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. सीबीआयच्या मते तो लुटालुटीतला खून होता, बरेच लोक ते आजही मानत नाहीत. आणि आपल्याकडे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी, माहिती अधिकारातून जमिनींची प्रकरणं बाहेर काढणारे, जानेवारी २०१० मध्ये सकाळी घराजवळ त्यांना मारलं. माहितीचा अर्ज आपण स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्याने करतो, तो कुठल्या टेबलावर पोचेल त्याचा नेम नाही. दुबेंच्या मृत्यूनंतर घोटाळे उघड करणाऱ्यांच्या, म्हणजे जागल्यांच्या, संरक्षणासाठी कायदा करा म्हणून ओरड झाली, अकरा वर्षांनी २०१४ मध्ये कायदा झाला, तो अजून लागू केलेला नाही. आणि त्यात लिहिलंय काय, तर तक्रारदाराने ओळख दिली नसेल तर तक्रारीवर कारवाई होणार नाही! तुमच्या चौकटीसारखंच.

म्हणून माझी मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. सिक्योरड्रॉप नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ॲरन स्वार्ट्झ आणि केव्हिन पॉल्सन यांनी ते पहिल्यांदा लिहिलं, २०१३ मध्ये न्यूयॉर्कर साप्ताहिकाने सुरू केलं, आज गार्डियन, वॉशिंग्टन पोस्ट अशा मोठमोठ्या पेपरांकडे आहे. ते टॉरवर चालतं. माहिती देणारा टॉर ब्राउझरमधून पेपरने दिलेला पत्ता उघडतो, त्याला सात शब्दांचं एक सांकेतिक नाव मिळतं, ते त्याने फक्त लक्षात ठेवायचं. फोन नंबर नाही, ईमेल नाही, ओटीपी नाही. कागद टाकतो, आठवड्याने परत येऊन ते सात शब्द टाकले की पत्रकाराने विचारलेले प्रश्न दिसतात, उत्तर देतो. सर्व्हर पेपरच्या स्वतःच्या ऑफिसात असतो आणि आलेले कागद उघडायचे ते कधीच इंटरनेटला न जोडलेल्या वेगळ्या कॉम्प्युटरवर. विचार करा, माझ्याकडे २०१९ मध्ये असा पत्ता असता तर ते फोटो मी कचेरीत कशाला नेले असते?

तुम्ही म्हणाल निनावी माहिती म्हणजे खोडसाळपणा, भाऊबंदकीतला राग, कोण खात्री करणार? अहो पण खात्री करणं हेच तर तुमचं काम, नाव-पत्ता दिलेला माणूस काय खोटं बोलत नाही? पुराची रेघ भिंतीवर होती, कुणी फोटो काढला याने ती वर-खाली होणार नव्हती. एक मात्र आहे, नुसतं सॉफ्टवेअर बसवून भागत नाही, बसणाऱ्यालाही शिकावं लागतं. २०१७ मध्ये अमेरिकेत एका न्यूज साइटकडे पोस्टाने एक गुप्त कागद आला, त्यांनी खातरजमा करायला त्याची कॉपी सरकारलाच दाखवली, त्यावर घडीची खूण दिसली म्हणजे कागद प्रिंट करून बाहेर नेलाय, प्रिंट कुणी कुणी काढली तर सहा जणांनी, आणि ती बाई तुरुंगात गेली. टॉर-बिर काही आड आलं नाही. म्हणून आधी तुमच्या बातमीदारांना हे शिकवा आणि मग पत्ता छापा, पण छापा. एक जुना पीसी, दोन साधे सर्व्हर आणि शिकायची तयारी असलेला एक माणूस एवढ्यावर सुरुवात होते. लाइन मी देतो, जिल्हा कार्यालयापर्यंत फायबर ओढायचे पैसे घेणार नाही, हे लेखी समजा.

हे पत्र मी टॉरवरूनच पाठवणार होतो. त्यासाठी नवीन ईमेल खातं काढायला गेलो तर पाठोपाठ तीन वेळा ट्रॅफिक सिग्नल ओळखा, सायकली ओळखा झालं आणि शेवटी मोबाईल नंबर मागितला. कंटाळून माझ्या नेहमीच्या ईमेलवरून, माझ्याच लाइनवरून पाठवतोय, माझ्याच लॉगमध्ये आज रात्रीची नोंद पडेल. तुमच्या नियमाप्रमाणे नाव, पत्ता, नंबर खाली वेगळा दिलाय. तो छापू नये. तसं ब्रॉडबँडवाला, पूर, तुटलेली फायबर एवढं वाचून ओळखणारे ओळखतीलच, त्याला टॉर काय करणार.

कळावे,
एक वाचक, जि. सांगली

ता. क. हवालदारसाहेब आता दर महिन्याला बिल भरायला आले की विचारतात, मालक, आज किती जणांना सोडवलंत?